रंगाची रेघ

गोऱ्यांचा वंश वेगळा, काळ्यांचा वेगळा, असे पुष्कळ लोक समजतात. खरे पाहता कातडीत एक रंग असतो. कडक उन्हाच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांच्या अंगी तो जास्त, थंड मुलखातल्यांच्या अंगी कमी. मग एक मालक आणि दुसरा गुलाम, हे कुठून आले? ते कायद्याने झाले. कोणत्या साली झाले, तेही सांगता येते.

अमेरिकेत व्हर्जिनिया नावाचा प्रांत आहे. पूर्वी तिथे इंग्रजांचे राज्य होते. मोठे मळेवाले तंबाखू लावीत. तंबाखूला हात फार लागतात. म्हणून विलायतेतून गरीब गोरे आणीत. बोटीचे भाडे मालक भरी. ते फेडण्यापायी त्या माणसाने काही वर्षे त्याच्याकडे राबायचे. आपल्याकडचा सालगडीच म्हणा, पण मुदत लांब. १६१९ साली आफ्रिकेतून धरून आणलेली वीसेक काळी माणसेही तिथे विकली गेली. पुढे आणखी आली. काळे-गोरे एकत्र राबत, एकत्र पळूनही जात. काही काळी माणसे सुटली. अँथनी जॉन्सन हा त्यांतलाच एक. १६५१ साली त्याला २५० एकर जमीन मिळाली. म्हणजे रेघ अजून पक्की नव्हती.

पण ती ओढायला सुरुवात झाली होती. १६४० साली एका मालकाचे तीन गडी पळाले. दोन गोरे, तिसरा जॉन पंच हा काळा. तिघेही सापडले. प्रत्येकाला तीस फटके बसले. गोऱ्यांची मुदत चार वर्षांनी वाढली. जॉन पंचला मात्र जन्मभर राबण्याची शिक्षा! गुन्हा एक, फटके सारखे, आणि न्याय पाहा कसा. १६६२ साली कायदा झाला की गुलाम बाईचे मूल गुलाम. बाप खुद्द गोरा मालक असला तरी! म्हणजे मालकाचे घर भरतच जायचे.

१६७६ साली बेकन नावाच्या मळेवाल्याने बंड केले. तो काही गरिबांचा कैवारी नव्हता, बरं का. त्याचा डोळा तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमिनीवर होता. पण त्याच्यामागे काळे-गोरे गडी हत्यारे घेऊन निघाले आणि जेम्सटाउन ही राजधानी जाळली गेली. शेवटी शस्त्रे खाली ठेवायला जे तयार नव्हते, त्यांत सुमारे ८० काळे आणि २० गोरे होते. मळेवाल्यांच्या पोटात गोळा उठला असेल, असे आम्हांला वाटते.

बंडानंतर कायदे कडक होत गेले. १६९१ साली काळ्या-गोऱ्यांच्या लग्नाला बंदी आली. १७०५ च्या कायद्याने गोऱ्या गड्याला नागडे करून मारायचे तर न्यायाधीशाचा हुकूम लागे. मुदत संपली की त्याला दहा बुशेल मका, तीस शिलिंग आणि एक बंदूक मिळे. गुलामाची मात्र डुकरे-गुरेसुद्धा काढून घेत, आणि ती विकून आलेला पैसा गावातल्या गरिबांना देत. मळे ज्यांचे होते त्यांचेच राहिले. गरीब गोऱ्याला मका मिळाला आणि आपल्याखाली कुणीतरी आहे हे समाधान मिळाले. शेजारच्या काळ्या गड्याशी त्याची जी जवळीक होती, ती तुटली.

गुलामगिरी १८६५ साली उठली. ज्यांनी ती उठवली त्या अमेरिकन लोकांनाच जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले. व्हर्जिनियातली लग्नाची बंदी मात्र राहिलीच. अमेरिकेच्या सर्वोच्च कोर्टाने ती रद्द केली, तेव्हा १९६७ साल उजाडले होते.