दहा मिनिटांचा अंधार

जुलैची संध्याकाळ होती. घाटकोपरच्या एका सोसायटीत मेन पॅनलमधून जळका वास येतो म्हणून मला, वायरमनला, बोलावलं. पाहिलं तर मधल्या फेजचा लग, म्हणजे केबलच्या टोकाचा जोड, काळा पडलेला. मेन बंद करूनच हात लावायचा, हे मला ठाऊक होतं. पण चौथ्या मजल्यावर एका आजींना ऑक्सिजनचं मशीन लावलेलं होतं आणि सगळे म्हणत होते, "लाईट घालवू नका हो." मी चालू लाईनवरच बोल्ट आवळायला घेतला. पाना निसटून शेजारच्या फेजच्या बसबारला, म्हणजे वीज वाहणाऱ्या पट्टीला, टेकला.

कानठळ्या बसवणारा आवाज, डोळे दिपवणारा पांढरा उजेड. माझा हात कोपरापर्यंत भाजला. दहा मिनिटांचा अंधार वाचवायला गेलो आणि इमारत रात्रभर अंधारात राहिली. आजींना शेजाऱ्यांनी उचलून दवाखान्यात नेलं.

मला शॉक बसलाच नव्हता. दोन फेजमधल्या हवेतूनच वीज वाहू लागते, तो आर्क होता. त्यासाठी 415 व्होल्ट पुरतात. तांबं 1,085 अंश सेल्सिअसला वितळतं, आर्कची उष्णता कित्येक हजार अंशांवर जाते. धातूची वाफ होऊन स्फोटासारखी फुगते. तारेला न शिवताही माणूस भाजतो.

सुरुवात मात्र एका ढिल्या लगापासून होते. ढिला जोड तापतो, तापून-निवून आणखी ढिला होतो. ॲल्युमिनियमची केबल थेट तांब्याच्या बसबारला जोडली, तर आपल्या दमट हवेत जोड लवकर खराब होतो. तिथे बायमेटॅलिक लगच हवा. पॅनलमध्ये केबल शिरते ती भोकं उघडी राहिली, तर उंदीर, पाली आत शिरून दोन फेज जोडतात.

म्हणून सोसायट्यांना सांगतो : पावसाळ्याआधी जोड थर्मल कॅमेऱ्याने तपासून घ्या, भोकं बुजवा, मीटर रूममध्ये रद्दी ठेवू नका. पॅनलमध्ये पाणी शिरलं असेल, तर सुकवून मेगरने इन्सुलेशन तपासल्याशिवाय लाईन चालू करू देऊ नका.

वायरमन भावांनो, मेन बंद केलात तरी त्याची येणारी बाजू जिवंतच असते; तिथलं काम असेल तर वीज कंपनीकडून पुरवठा बंद करून घ्या. मेनला कुलूप लावा. टेस्टर आधी चालू लाईनवर तपासा, मग बंद पॅनलवर लावा, पुन्हा चालू लाईनवर पाहा. ब्रेकर चालू करताना पॅनलच्या दारासमोर नको, बाजूला उभे राहा.

मी आता एक दिवस आधी नोटीस लावतो. ज्यांच्या घरी ऑक्सिजनचं मशीन आहे, तिथे भरलेला सिलिंडर आहे ना, हे स्वतः जिना चढून पाहून येतो. मगच मेन बंद करतो.