हातमोजे घेण्याआधी पिंपावरचे नाव वाचा

भोसरीपासून चाकणपर्यंत मोटारींच्या सुट्या भागांना प्लेटिंग करणारे अनेक लहान कारखाने आहेत. तेथे हातमोजे व मास्क बहुधा स्वस्त मिळतील ते आणले जातात. वास्तविक हे साधन किंमत पाहून नव्हे, तर रसायनाचे नाव पाहून निवडावयाचे असते. मालकांनी पुरवठादाराकडून प्रत्येक रसायनाची 'सेफ्टी डेटा शीट' मागून घ्यावी. तिच्या आठव्या भागात कोणते साधन वापरावे हे दिलेले असते.

हातमोजे : सुती व चामड्याचे मोजे अॅसिड शोषून कातडीलाच लावून ठेवतात. हायड्रोक्लोरिक अॅसिडला जाड नायट्राइल, निओप्रीन किंवा पीव्हीसी चालते. मात्र नाव सारखे वाटते म्हणून नायट्रिकला नायट्राइल घेऊ नये. तीव्र नायट्रिक अॅसिडपुढे ते टिकत नाही. थिनरमधील टोल्यूइनही पातळ नायट्राइलमधून काही मिनिटांत आरपार जाते. रोज मोज्यात हवा भरून, तोंड पिळून भोक तपासावे.

मास्क : क्रोमच्या टाकीत वीज सुरू होताच बुडबुडे उठतात आणि फुटताना क्रोमिक अॅसिडचे बारीक तुषार उडवतात. त्यांनी नाकाच्या पडद्याला भोक पडते. १९९० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अशा क्रोमियमला कर्करोगकारक ठरविले. येथे रुमालाचा काही उपयोग नाही. तुषारांना पी-३ फिल्टर लागतो, तर हायड्रोक्लोरिकच्या वाफेला अॅसिड-गॅसचे काडतूस. एकाचे काम दुसरे करीत नाही. काडतुसाच्या रंगांची पद्धत देशोदेशी वेगळी असते, म्हणून त्यावरील मजकूर वाचूनच ते घ्यावे. नायट्रिकचा तपकिरी धूर निघाला तर मास्कच्या भरवशावर थांबू नये. बाहेर पडावे आणि बरे वाटत असले तरी दवाखान्यात जावे. फुप्फुसांत पाणी काही तासांनंतरही भरते.

आपल्या अनेक कारागिरांना दाढी असते. अर्ध्या चेहऱ्याचा मास्क दाढीवर घट्ट बसत नाही. केसांतल्या फटीतून वाफ आत जाते आणि महागडे काडतूसही फुकट ठरते. अशा कारागिराला बॅटरीच्या पंख्याने स्वच्छ हवा पुरविणारा सैल टोप द्यावा. त्याला चेहऱ्याशी घट्ट बसण्याची गरज नसते.

परंतु पहिला खर्च टाकीच्या काठाशी धूर ओढून नेणाऱ्या एक्झॉस्टवर करावा. मास्क एकट्याला वाचवतो, एक्झॉस्ट साऱ्या शेडला. जवळ स्वच्छ पाण्याचा नळ असावा. डोळ्यांत थेंब गेल्यास किमान १५ मिनिटे पाणी सोडावे आणि डॉक्टरकडे न्यावे. या साधनांचे पैसे कारागिराच्या पगारातून कापू नयेत. ते मालकानेच द्यावयाचे असतात.