घर्मग्रंथींचा कर्करोग व त्याचे निदान

बेळगाव-वेंगुर्ले मार्गाजवळील उचगावच्या शिवारात राबणाऱ्यांना घामाचे अप्रूप नाही. परंतु त्वचेतील ज्या सूक्ष्म ग्रंथी घाम निर्माण करतात, त्यांनाही क्वचित कर्करोग होतो, ही गोष्ट फारशी ज्ञात नाही. मानवी शरीरात अशा सुमारे २० ते ४० लक्ष ग्रंथी असतात. हा विकार सांसर्गिक नाही. तो बहुधा पन्नाशीनंतर उद्भवतो आणि अत्यंत विरळ असल्यामुळेच ओळखू येत नाही.

त्वचेच्या कर्करोगाचा अभ्यास आपल्याकडे जुना आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्ये धोतराच्या घट्ट वेढ्याखाली कमरेवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले. तो वेगळ्या जातीचा. पण त्याचे कारण तरी दिसण्याजोगे होते. घर्मग्रंथींच्या कर्करोगात तसे काहीच दिसत नाही. गाठ दुखत नाही, सावकाश वाढते आणि चामखीळ समजून तिच्यावर चुना लावला जातो. एका प्रकारात पायावरील जुनी गाठ एकाएकी वाढते, चिघळते, तिच्यातून रक्त येते. १९८२ मध्ये प्रथम वर्णिलेला दुसरा प्रकार वरच्या ओठाभोवती कठीण चट्ट्याच्या रूपाने दिसतो. तो मज्जातंतूंच्या कडेने खोलवर पसरतो, त्यामुळे ती जागा बधिर होऊ शकते. बधिर चट्टा म्हटला की कुष्ठरोगाची शंका येते. ती तपासून घ्यावीच. पण तपास तेथेच थांबवू नये.

केवळ डोळ्यांनी पाहून याचे निदान कोणत्याही डॉक्टरला करता येत नाही. गाठीचा तुकडा काढून तो मेणात बसवितात, त्याचे अतिशय पातळ काप करून रंगवितात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तुकडा वरवरचा घेतल्यास फसगत होते. कारण पृष्ठभागाजवळ निरुपद्रवी वाटणारी गाठ खाली मज्जातंतूंत शिरलेली असू शकते. शिवाय स्तनाच्या कर्करोगातून त्वचेत उतरलेली गाठही हुबेहूब अशीच दिसते. म्हणून रुग्णाची सर्वांगीण तपासणी व काही विशेष रंगचाचण्या कराव्या लागतात.

काढलेली गाठ लहान आहे म्हणून टाकून दिली, तर रोग कोणता होता हे सांगणारा पुरावाच नाहीसा होतो. ती तपासणीस पाठविण्याचा आग्रह रुग्णाने धरावा आणि अहवाल जपून ठेवावा. मेणातील तुकडा टिकतो. शंका राहिल्यास तोच मोठ्या रुग्णालयाकडे पाठवून दुसरे मत घेता येते. निदान पक्के झाल्यावर गाठीभोवतालची निरोगी त्वचा पुरेशी घेऊन शस्त्रक्रिया करतात आणि पुढे अनेक वर्षे ती जागा नियमितपणे तपासतात.