घरच्या टाकीतील मार्जारमीन : जोपासना व दक्षता

तोंडाभोवती मांजरासारख्या मिशा असणाऱ्या माशांस मार्जारमीन म्हणतात. मागूर व शिंगी हे त्यांपैकी आपल्या देशातील दोन मासे होत. काचेच्या टाकीत ते पाळल्यास त्यांचे श्वसन, आहार व सवयी मुलांस व होतकरू मत्स्यपालकांस घरबसल्या पाहता येतात.

टाकी : दोन-तीन लहान माशांकरिता ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद व ४५ उंच टाकी घ्यावी. तीत ३५ सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे सुमारे १४० लिटर पाणी भरावे. हे मासे कल्ल्यांखेरीज हवेतूनही प्राणवायू घेतात व त्यासाठी वारंवार पृष्ठभागावर येतात. म्हणून वर मोकळी जागा ठेवावी. मागूर टाकीबाहेर पडून सरपटत जातो, यास्तव सच्छिद्र व वजनदार झाकण ठेवावे. तळाशी बारीक, धुतलेली वाळू घालावी. टोकदार खडीने मिशा दुखावतात. लपण्यासाठी कौलाचे तुकडे ठेवावेत.

पाणी : नळाचे पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मग वापरावे. आठवड्यास चतुर्थांश पाणी बदलावे. औषध फवारलेल्या शेतातून वाहून आलेले पाणी कदापि घालू नये.

आहार : हे मासे निशाचर असल्याने दिवेलागणीस खाद्य द्यावे. गांडुळे, तसेच पेंड व भाताचा कोंडा यांच्या लहान गोळ्या चालतात. थोड्या वेळात संपेल इतकेच द्यावे. उरलेले कुजून पाणी बिघडते. शिंगीच्या बाजूच्या परांचा काटा विषारी असतो, म्हणून तिला हाताने न धरता जाळीने उचलावे. काटा लागल्यास तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून डॉक्टरांकडे जावे.

सर्वांत महत्त्वाची दक्षता : कंटाळा आला वा मासा मोठा झाला म्हणून तो विहिरीत, शेततळ्यात किंवा नदीत सोडू नये. काच साफ करणारा म्हणून विकला जाणारा ‘सकर’ मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतील आहे. तो आता उजनी जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत येतो. त्याच्या कठीण, काटेरी अंगाने जाळी फाटतात, आणि अंड्यांसाठी तो काठाच्या मातीत बिळे करतो. आफ्रिकी मागूर तर मीटरभराहून अधिक वाढतो व इतर मासे फस्त करतो. त्याच्या पालनास केंद्र शासनाने २००० साली बंदी घातली आहे. तो विकत घेऊ नये.

आष्टा परिसर कृष्णा व वारणा या नद्यांच्या दरम्यान आहे. २००५, २०१९ व २०२१ सालच्या महापुरांत या नद्यांचे पाणी काठच्या शिवारांत शिरले होते. अशा वेळी विहिरीतील वा तळ्यातील परका मासा सहज नदीस मिळतो आणि मग त्यास परत काढणे जवळजवळ अशक्य होते. त्याची झळ नदीवर पोट भरणाऱ्या मच्छीमार कुटुंबांस बसते.

तरी नको असलेला मासा दुकानदारास परत करावा अथवा दुसऱ्या पाळणाऱ्यास द्यावा. परका मासा जाळ्यात आढळल्यास तो पाण्यात परत न सोडता जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयास कळवावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट शाळांतून व ग्रामसभेतून पावसाळ्यापूर्वीच समजावून सांगावी.