काट्यावर चढलेलं पाणी

मुरबाड एमआयडीसीत खरेदी खात्यात लागलीस, बरं झालं पोरी. चार गोष्टी कानावर घालतो. पटतील त्या घे, बाकीच्या सोडून दे.

महिना भरायच्या आत साहेब विचारतील, "सेव्हिंग किती केलंस?" जुना रेट वजा नवा रेट, गुणिले नग, झालं सेव्हिंग. उभ्या नोकरीत मला हा आकडा कधी पटला नाही. खरेदीवाला रेट पाडून शाबासकी घेतो आणि त्या रेटात आलेला माल प्रॉडक्शनवाला निस्तरत बसतो.

तुमचा बॉयलर भाताच्या तुसावर चालतो ना, मग तुसाचंच बघ. समज, दोन कोटेशन आली. एक सहा रुपये किलो, दुसरं सव्वापाच. अकाउंट्सवाला डोळे मिटून सव्वापाचवर बोट ठेवेल. पण पहिल्याच्या मालात ओल १० टक्के आणि दुसऱ्याच्या मालात २५ टक्के निघाली तर? शंभर किलोत पहिला तुला नव्वद किलो तूस देतो, दुसरा पंचाहत्तर. भागाकार कर. कोरडं तूस पहिल्याकडे किलोला ६ रुपये ६७ पैसे पडलं, दुसऱ्याकडे ७ रुपये. वरचं सगळं पाणी. ते तू काट्यावर विकत घेतलंस आणि बॉयलरमध्ये उडवायला पुन्हा तूसच जाळलंस.

तेव्हा पीओवर नुसता रेट लिहू नकोस. ओल किती टक्क्यांपर्यंत चालेल आणि त्यावर गेली तर वजनातून किती कापणार, हे आधीच लिही. गाडी दारात उभी राहिल्यावर भांडण्यात अर्थ नसतो. नमुना मागच्या फाळक्याजवळचा घेऊ नकोस, तिथे कोरडं तूस मुद्दाम भरलेलं असतं. हमालाला वर चढव, मधल्या थरात कोपरापर्यंत हात घालायला सांग, तळाचंही काढायला लाव. मूठ आवळून सोडली की कोरडं तूस भुरभुर सुटतं, ओलं तसंच चिकटून बसतं. भातखरेदीवाले दाणा दाताखाली धरून सांगतात, माल वाळलाय की नाही. तेवढं जमलं नाही तरी मीटर मात्र दर गाडीला लाव, गाडीवाला ओळखीचा असला तरी. ओळखीचा असला तर आधी लाव.

हंगामही ओळख. दिवाळीनंतर झोडण्या उरकतात, गिरण्या धडधडायला लागतात, तेव्हा तूस ठेवायला गिरणीवाल्याला जागा नसते. त्या दिवसांत सौदा कर आणि मृगाच्या आत शेड भरून घे. जुलैत दारात गेलीस तर भावही त्याचा आणि पाणीही त्याचंच. पुठ्ठ्याच्या खोक्यांचं पण तसंच. पावसाळ्यात खोकं ओल धरतं, मऊ पडतं आणि थप्पीतलं खालचं बसतं.

भाडं, वाराई, काट्याची पावती, रिजेक्ट झालं तर परतीचं भाडं, गोदामात अडकलेल्या पैशाचं व्याज, हे सगळं मिळवून जो आकडा येईल तो भाव. साहेबांपुढे तो ठेव. पहिल्यांदा तोंड वाकडं करतील, तरी ठेव.

आता रस्ता. मुरबाडला रेल्वे नाही, सगळा माल चाकांवर येतो. कल्याणकडून येणारा रायत्याचा पूल ओलांडतो. जुलै २०२१ मध्ये उल्हास नदीच्या पुरात त्या पुलाचा जोडरस्ता वाहून गेला आणि कल्याण-मुरबाड वाहतूक तुटली. नगरकडून येणारा माळशेज उतरतो, तिथे पावसाळ्यात दरड केव्हा खाली येईल ते कुणी सांगावं. मग राहतो आपला शहापूर-किन्हवली-सरळगाव रस्ता. अवजड ट्रेलर त्यावरून निघेल की नाही, हे पूर आल्यावर नाही, एप्रिल-मेमध्ये ट्रान्सपोर्टवाल्याबरोबर बसून ठरव. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, तो आपल्याच शहापूर तालुक्यातून गेलाय. नाशिकचा माल आता लवकर येतो. पण ते महामार्गावर असेपर्यंतच. पुढे मुरबाड गाठायला जुनेच पूल आणि जुनेच खड्डे. रस्ता झाला म्हणून साठा कमी करा, असं कुणी म्हणालं तर त्याला जुलैत एकदा टेम्पोत बसवून आण.

साठा कमी ठेवायची कला ज्या टोयोटाने जगाला शिकवली, तिनेही मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर धडा घेतला. पुरवठादाराला माल कोण देतो, त्यालाही कोण देतो, इथपर्यंत नोंदी केल्या आणि चिपसारख्या अडचणीच्या वस्तूंचा काही महिन्यांचा साठा पुरवठादारांना ठेवायला लावला. २०२१ च्या सुरुवातीला चिपटंचाईने बाकीच्यांच्या लाइनी थांबल्या, तेव्हा टोयोटाने बराच काळ तग धरला. तू एवढं कर: ज्याच्यावाचून लाइन उभी राहते अशा वस्तूंची यादी काढ. गंमत म्हणजे त्या बहुधा महागड्या नसतात. पाचपन्नास रुपयांचं सील असतं, आणि ते बनवणारा अख्ख्या जिल्ह्यात एकच असतो.

अशा लहान माणसाचे पैसे थकवू नकोस. हे मी दयाबुद्धीने सांगत नाही. टंचाईच्या दिवशी त्याच्याकडे दहा पेट्या असल्या तर त्या कुणाकडे जातील? वेळेवर पैसे देणाऱ्याकडे. कायदाही तेच सांगतो. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघुउद्योगाला लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. २०२३-२४ पासून आयकरातही चाप बसला: मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च ते चुकते होतील त्या वर्षीच धरला जातो. यावर ‘उद्यम नोंदणीच रद्द कर, मग ऑर्डर देतो’ म्हणणारे खरेदीदारही निघाले. तसलं पत्र टाइप करायला सांगितलं तर साहेबांनी आधी सही केलेला लेखी आदेश माग. सहसा तो येत नाही.

आपल्या शहापूरचीच गोष्ट घे. इथल्या आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेच्या कातकरी पोरांनी गुळवेल गोळा करून, वाळवून विकायला सुरुवात केली. ट्रायफेडच्या वनधन योजनेची साथ मिळाली आणि २०२१ मध्ये डाबर, बैद्यनाथ, हिमालया अशा कंपन्यांकडून १ कोटी ५७ लाखांच्या ऑर्डरी आल्या. आता खरेदीवाल्याच्या नजरेने बघ. पाड्यावरून भारा आणणाऱ्याला त्याच दिवशी रोख लागतं, त्याच्या घरी संध्याकाळी चूल पेटायची असते. गुळवेल वाळायला दिवस लागतात, मग गाडी, मग तपासणी, मग बिल. या साखळीच्या शेवटी नव्वद दिवसांनी चेक काढणारा बसला तर भारा दुसऱ्या दिवशी येतच नाही. कागदावर मात्र दिसतं, ‘व्हेंडरने माल दिला नाही’.

राहता राहिली दिवाळी. मिठाईचे डबे येतील, घे, गेटवर नोंद कर आणि कॅन्टीनला लाव. घड्याळ, मोबाइल, पाकीट असलं काही आलं तर रीतसर डिलिव्हरी चलन काढून परत पाठव आणि पोचल्याची सही-शिक्क्याची प्रत स्वतःच्या फाइलला लाव. स्टोअरच्या नको, स्वतःच्या.