कोठीची किल्ली एकाकडे, वही दुसऱ्याकडे



मुंबईला कामानिमित्त जाणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांनी विरारच्या गाडीतून भाईंदरची मिठागरे पाहिली असतील. आता पूर्वेला इंद्रलोकसारख्या वसाहती होऊन इमारतींची दाटी झाली आहे, पण भाईंदरची जुनी ओळख मिठाचीच. उधाणाचे पाणी खाजणात घ्यायचे, उन्हात आटवायचे, वाफ्यात मीठ धरले की ओढून रास करायची. उसासारखाच हा हंगामी धंदा, आणि घटीची भीतीही तशीच. तोडलेला ऊस फडात वाळतो, रचलेले मीठ अवकाळी पावसात विरघळते. मग प्रश्न येतो, की घट खरोखर पावसाने झाली की माणसाने केली?

हा प्रश्न जुन्या राज्यकर्त्यांनाही पडलेला होता. मिठावर आणि खाणीतल्या धातूवर राजाचा हक्क असे, माल मात्र दरबारापासून लांब, खाडीच्या नाहीतर डोंगराच्या कडेला निघे. मिठाची किंमत शिवाजी महाराजांनी चांगली ओळखली होती. बारदेशचे स्वस्त मीठ येऊन संगमेश्वरच्या मिठाचा धंदा बसू नये, म्हणून त्यांनी १६७१ साली कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना त्या मिठावर जबर जकात बसवायला लिहिले. पण जकात बसवली तरी ती जमा झाली का, हे पाहणारा कोणी लागतोच.

भाईंदर ज्या साष्टी बेटावर आहे, ते १७३७ ते १७७४ मराठ्यांकडे होते. मराठी अमलात मामलेदाराच्या हाताखाली दरकदार नेमलेले असत, त्यांची कामे पाहा. मुजुमदार हिशेब तपासून त्यावर आपली खूण करी. फडणीस रोजची कीर्द लिही. दफ्तरदार त्यावरून खतावणी करून हुजुराकडे पाठवी. पोतनीस वसूल आणि शिल्लक मांडी, पण नाणे खरे की खोटे हे पारखायचे काम पोतदाराचे. चिटणीस पत्रव्यवहार पाही. किल्ल्यावरही हीच तऱ्हा होती. हवालदाराकडे किल्ल्या, सबनिसाकडे हजेरी आणि दफ्तर, कारखानिसाकडे कोठीतला दाणागोटा.

एवढी माणसे कशाला, असे कोणी म्हणेल. आमच्या मते खरी खुबी पुढेच आहे. दरकदारांना मामलेदार काढू शकत नसे, कारण त्यांची नेमणूक थेट हुजुरातून होई. त्यांच्या सह्या-खुणांशिवाय कागद पुरा होत नसे, आणि गैर काही दिसले तर त्यांनी वर कळवायचे. साहेबाच्या मर्जीवर ज्याची भाकरी, तो साहेबाची चूक कशी लिहिणार? उत्तर पेशवाईत मामलती मक्त्याने द्यायला लागल्यावर ही व्यवस्था ढिली पडली आणि रयत नागवली गेली. नियम कागदावर होते, पण मक्तेदाराला वहीची पर्वा नव्हती.

याच सुमाराच्या आधी युरोपात, सॅक्सनी आणि बोहेमियाच्या चांदीच्या खाणींत, जवळजवळ हेच तत्त्व दिसते. अ‍ॅग्रिकोला नावाचा वैद्य योआखिमस्थाल या खाणींच्या गावी राहिला होता. त्याचा खाणींवरचा ग्रंथ १५५६ साली, तो वारल्यावर वर्षभराने छापला गेला. त्यात अधिकाऱ्यांची कामे दिली आहेत. तिथली खाण एका मालकाची नसे. तिचे बहुधा १२८ भाग पाडत आणि भागधारक मिळून ती चालवत. खाणीचा व्यवस्थापक खर्च करी आणि दर तिमाहीला भागधारकांपुढे हिशेब ठेवी. राजाचा दशांश घेणारा अधिकारी वेगळा. आणि भागधारकांच्या नावांची वही ठेवायला स्वतंत्र कारकून, ज्याला जर्मन भाषेत ‘गेगेनश्रायबर’ म्हणत. म्हणजे समोरासमोर लिहिणारा, पडताळ्याचा कारकून.

या कारकुनाला एक कडक बंधन होते. जुन्या भागधारकाने किंवा त्याच्या मुखत्याराने सांगितल्याशिवाय भागावर नवे नाव चढवायचे नाही. खाण तोट्यात असली की भागधारकांवर वर्गणी बसे. ती मुदतीत भरली नाही, तर त्याच वहीतून नाव कमी होई आणि भाग जाई. खाली कितीही चांदी असो, वहीत नाव नसलेल्याला तिचा कण मिळत नसे.

आपल्याकडे त्या वहीला आय नमुना म्हणतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३८ प्रमाणे ती ठेवावीच लागते. वडील जाऊन दहा वर्षे झाली, ऊस मुलगा घालतो, आणि भाग अजून वडिलांच्याच नावावर, अशी घरे गावोगाव सापडतील. कलम ३० प्रमाणे नामनिर्देशन असेल तर हे काम सोपे होते. नसेल तर वारसाला कागदपत्रांसाठी हेलपाटे घालावे लागतात, आणि भावाभावांत बिनसले असेल तर विचारूच नका. कलम ३२ प्रमाणे सभासदाला वार्षिक ताळेबंद आणि नोंदवहीतील स्वतःच्या व्यवहाराचा भाग पाहता येतो. त्यासाठी कार्यालयाच्या वेळेत भाग दाखला बरोबर घेऊन यावे, आणि नाव, गाव व भागसंख्या वहीशी ताडून पाहावी.