काशीतील सांडगे
परसातल्या वेलीला कोहळे लागू लागले, की एका कुटुंबाला ते संपवणे अवघड जाते. शेजारीपाजारी वाटूनही काही उरतातच. महाराष्ट्रात यावरचा जुना उपाय म्हणजे सांडगे. पेशवेकाळापासून मराठी कुटुंबे जेथे राहत आली, त्या काशीच्या परिसरातही हाच उपाय रूढ आहे. तेथे त्यास कोहडौरी म्हणतात. कोहळा किसून पिळतात, भिजवून वाटलेल्या उडीद डाळीत मीठ-मिरचीसह कालवतात आणि लहान गोळे घालून कडक उन्हात वाळवतात. कोहळ्यात सुमारे 95 टक्के पाणी असते. ते आटले, की जंतूंची वाढ थांबते व सांडगे कित्येक महिने टिकतात. पावसाळ्यात भाजी महागते, तेव्हा हीच साठवण गरिबाच्या ताटाला आधार देते.